पिंपरीचा वाघ, असं मी छापलं

अन्याय बापूवर झाला. गेल्या चैत्रात, सत्तावन्न साली, आपल्या भैरोबाच्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी चारच्या सुमाराला, देवळामागच्या माळावर, दोन्ही गावांच्या देखत. राखेच्या रेघा आखून झाल्या होत्या. बापूनं लंगोट कसला होता, मधल्या रेघेपाशी वाकून माती कपाळाला लावली होती. तिथून त्याला उठवलं आणि बाहेर बसवलं. हे वाचणाऱ्यांपैकी निम्मे त्या माळावर होते. मीही होतो.

बापू माझा थोरला चुलत भाऊ. हुतूतूचा गडी. गाव सोडून तो पिंपरीला गेला तो दिवस मला नीट आठवतो, कारण त्या दिवशी मी त्याची ट्रंक उचलली होती आणि ती रिकामी असल्यासारखी हलकी होती. दोन सदरे, एक चादर आणि तात्यांनी दिलेला जुना पितळी तांब्या. तरी ती ट्रंक एसटीच्या थांब्यापर्यंत न्यायला संघातले आठही जण आले होते. पंचावन्न साल, दसरा होऊन तीन दिवस झाले होते. गर्दी बघून कंडक्टरनं विचारलं, "कुणाचं लगीन हाय?" संघातला गणपा म्हणाला, "सासरी धाडतोय पोराला. हुंडा कारखान्यानं दिलाय."

सगळे हसले. काकू हसली नाही. तात्या म्हणजे बापूचे वडील, माझे चुलते. ते गाडीच्या दारापाशी गेले आणि एवढंच म्हणाले, "अकरा महिने त्यांचा. चैत्रात आमचा." बापूनं मान हलवली. गाडी सुटली. आम्ही धुळीत उभे राहिलो आणि मग घरी आलो. त्या एका वाक्याच्या जिवावर तो गेला, हे लक्षात ठेवा.

त्याला नेला कसा, तेही सांगायला हवं. कऱ्हाडच्या स्पर्धेत पिंपरीच्या एका नव्या कारखान्याचे वेल्फेअरचे साहेब आले होते. त्यांना संघ उभा करायचा होता. सामना संपल्यावर त्यांनी बापूच्या दंडाला हात लावून बघितला, बैलाला बघतात तसा, आणि नोकरी देऊ म्हणाले. काम स्टोअरमधलं, हलकं. खेळत राहिलास तर कायम करू. बापूनं अट घातली, चैत्रात जत्रेला सोडायचं. साहेब म्हणाले, "अरे, जत्रेला कोण नाही म्हणतो?" हे तोंडी झालं. कागदावर काही नाही. आम्ही लोक तोंडी बोललेलं धरून चालतो आणि ते लोक लिहिलेलं. हा फरक मला तेव्हा ठाऊक नव्हता.

मॅट्रिक होऊन मी त्याच्यानंतर आठ महिन्यांनी पिंपरीला आलो. पिंपरी गावात आक्कांच्या घरामागं एक खोली होती, तिथं आम्ही दोघं राहायचो. आक्का इथल्याच जुन्या शेतकरी घरातल्या. त्यांची तीन शेतं कारखान्यांत गेली होती. माझ्या पहिल्या दिवशी मी गावाकडची आठवण काढत भाकरी तशीच ठेवून बसलो, तेव्हा त्या दारातून म्हणाल्या, "जेव की रं. तू तुजं गाव सोडून आलास. आमी हितंच हाय, तरी आमचं गाव गेलं. मग रडायचं कुणी?" आणि वर कांदा ठेवून गेल्या.

तेव्हाचं आणि आताचं असं काही लिहायला बसलो की लोक गावचं सगळं गोड लिहितात. मी लिहिणार नाही. गावात मला काम नव्हतं. पिंपरीत भोंगा वाजला की उठायचं, शिफ्ट धरायची, कँटीनच्या पातळ चहात पाव बुडवायचा, महिन्याला पगार घरी पाठवायचा. पवनेचं पाणी कोयनेच्या पाण्यासारखं लागत नाही, पण अंघोळ होते. माणूस सहा महिन्यांत सवयीचा होतो. बापूला सवय व्हायला वेळ लागला तो एकाच गोष्टीत. आपल्याकडं चढाईला हुतूतू म्हणत दम धरायचा. इथं कबड्डी म्हणायचं, असा नियम. पहिला महिना तो सवयीनं हुतूतू म्हणायचा आणि पंच शिट्टी वाजवून त्याला बाद द्यायचे. गडी न शिवता, पकड न होता, नुसता तोंडानं बाद. मग त्यानं काय केलं? रोज पहाटे मुंबईच्या रस्त्यानं निगडीच्या माळापर्यंत पळत जायचं आणि पळताना कबड्डी कबड्डी म्हणत राहायचं. शेतातल्या बाया हातातलं काम थांबवून बघायच्या. एकीनं आक्कांना विचारलं म्हणे, "तुमचा भाडेकरी असा का करतोय, काय बाधलंय का?"

आणि छप्पनच्या चैत्रात, कारखान्यानं तीन दिवस सोडल्यावर, तो आपल्या माळावर उतरला तेव्हा एकदाही चुकला नाही. रेघ ओलांडली आणि हुतूतू सुरू. मी तेव्हा गावातच होतो, कडेला बसून बघत होतो. नदीपलीकडच्या गावाचे पाच गडी त्यानं एकट्यानं बसवले. आपलं गाव जिंकलं. जिंकणाऱ्या गावाचा खांदा पालखीच्या पुढच्या दांडीला लागतो, हे आपल्याकडचं जुनं चालत आलेलं. त्या वर्षी पुढच्या दांडीला तात्या होते, बापू होता, गणपा होता. बापूच्या गुडघ्यातून रक्त येत होतं आणि तो हसत होता. मला वाटतं तो त्याच्या खेळातला सगळ्यात चांगला दिवस.

लोकांना मात्र दुसरा दिवस ठाऊक आहे, कारण त्या दिवसाचं पत्रक निघालं. पत्रक मी काढलं.

पिंपरीत आल्यावर मी संयुक्त महाराष्ट्राच्या कामाला लागलो होतो. सभेआधी पत्रकं लिहायची, चिंचवडच्या छापखान्यात बसून खिळे जुळवून घ्यायचे, शिफ्ट सुटली की दारावर वाटायची. मला ते चांगलं जमायचं. माणसाला थांबवून वाचायला लावणारी पहिली ओळ मला सुचायची. सत्तावन्नच्या जानेवारीत कारखान्यांच्या संघांची स्पर्धा झाली, आणि अंतिम सामन्यात आमचा कारखाना आला. कामगारांनी गर्दी करावी म्हणून मी आपण होऊन पत्रक लिहिलं. ते असं होतं:

"कामगार बंधूंनो, जन्म कुठं झाला हे विचारू नका, घाम कुठं गळतो ते विचारा. पिंपरीचा वाघ बापू येत्या रविवारी मैदानात उतरतो आहे. तो आता कोणत्या एका खेड्याचा राहिलेला नाही. तो पिंपरीचा आहे. हजारोंनी या."

बापूला वाचून दाखवलं. तो पायाला तेल चोळत होता. म्हणाला, "वाघ काढ की. लाज वाटती." मी वाघ काढला नाही. बाकीच्या ओळींबद्दल तो काही बोलला नाही. मला वाटलं त्याला आवडल्या. आता वाटतं, वाघापुढं त्यानं नीट ऐकलंच नसेल.

तो सामना तुम्ही ऐकला असेल. शेवटची चढाई, आमच्या बाजूला तो एकटा उरलेला. एकाला शिवला, परत फिरला आणि मागून पाय ओढून पट काढला गेला. अंगावर तिघं पडले. माणसांच्या ढिगाखालून त्याचा आवाज तेवढा येत होता, बारीक, न तुटणारा, कबड्डी कबड्डी. मग ढिगातून एक हात पुढं आला. मुरमातून बोटं ओढत ओढत रेघेपर्यंत आला आणि रेघेला टेकला. चौघं बाद. लोक मैदानात धावले. वेल्फेअरच्या साहेबांनी स्वतःचा कोट त्याच्या अंगावर घातला. नखं गेली होती त्याची दोन. मी त्या हाताकडं बघत होतो आणि मला वाटत होतं, माझं पत्रक खरं झालं.

दुसऱ्या दिवशी मी त्या पत्रकाच्या दोन प्रती घडी घालून तात्यांना पाठवल्या. अभिमानानं पाठवल्या. तात्यांना वाचता येत नाही. त्यांनी शाळेच्या मास्तरांकडून तीनदा वाचून घेतलं, एक प्रत देव्हाऱ्यात ठेवली आणि दुसरीला खळ लावून स्वतःच्या हातानं चावडीच्या भिंतीवर चिकटवली. येणाऱ्या जाणाऱ्याला ते बोट ठेवून दाखवायचे, "हे बघा, छापून आलाय." नदीपलीकडची माणसं बाजाराला चावडीवरूनच जातात.

मग चैत्र आला. जत्रेच्या त्याच आठवड्यात कारखान्याला दुसऱ्या एका स्पर्धेचं बोलावणं आलं. बापूनं रजा मागितली. साहेबांना तोंडी बोललेलं आठवलं नाही. म्हणाले, "कोट घातला तेव्हा बरा इथला होतास. आता जत्रा? तुझं गाव कोणतं ते एकदा ठरव." बापू खोलीवर आला, ट्रंक उघडली आणि म्हणाला, "शिवा, चल. तात्यांना सांगितलंय." मी म्हटलं, "नोकरी जाईल." तो म्हणाला, "जाईना." एवढंच. त्यानं रागावून सांगितलं असतं तर मी अडवलं असतं. तो बाजारात भाजी आणायला निघाल्यासारखा म्हणाला.

असे आम्ही त्या माळावर आलो. आणि चार वाजता, तो माती कपाळाला लावत असताना, पलीकडच्या संघाचे म्होरके नाना मैदानात आले. हातात पत्रक होतं, चावडीवरून सोलून आणलेलं, मागं अजून खळ वाळलेली.

नाना म्हणाले, "काय तात्या, पिंपरीचा पावना खेळाय आणलाय व्हय? मग आमी बी मुंबैचा एक आणला असता की."

गणपा पुढं गेला. "आरं पावना कुणाला म्हणतोस? त्याची नाळ हितं पुरलीय."

"नाळ ऱ्हाऊ दे नाळंच्या जागी. हे काय लिवलंय, वाच की." नानांनी मास्तरांच्या हातात पत्रक दिलं. मास्तरांनी मोठ्यानं वाचलं. जन्म कुठं झाला हे विचारू नका. तो आता कोणत्या एका खेड्याचा राहिलेला नाही. भर जत्रेत माझी ओळ माझ्याच गावाला ऐकवली गेली आणि ती चांगली ओळ होती, सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

वीस वर्षं आपल्या बाजूचे पंच तात्याच आहेत. सगळे त्यांच्याकडं बघायला लागले. बापू रेघेपाशी तसाच वाकलेला होता. तात्यांनी पत्रक हातात घेतलं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण ते त्यांना पाठ होतं. मागच्या वाळल्या खळीवरून त्यांनी अंगठा फिरवला. मग म्हणाले, "म्या खळ लावली. चार लोकांत दावलं. आता खोटं हाय कसं म्हनू?" आणि बापूकडं न बघता, "ऊठ बाबा. भाईर बस."

आता माझं. मी तिथं दहा हातांवर उभा होतो. मी पुढं होऊन सांगायचं होतं की हे मी लिहिलंय. गर्दी जमवायला लिहिलंय. बापूला विचारून लिहिलेलं नाही, त्यानं कधी गाव सोडलेलं नाही, चैत्राच्या शब्दापायी तो नोकरीवर लाथ मारून आलाय. चार वाक्यं. भर चौकात पोलीस उभे असताना मी भाषणं केली आहेत, घसा बसेपर्यंत. तिथं मला एक शब्द बोलता आला नाही. का, ते मला ठाऊक आहे. दोनच महिन्यांपूर्वी निवडणुकीत गावी येऊन मी याच लोकांच्या हातात पत्रकं दिली होती आणि सांगितलं होतं, छापलंय ते खरं आहे, अक्षर अन् अक्षर. आता चारचौघांत कसं म्हणू की छापलेलं एक पत्रक उगाच होतं? माझी पत राखायला मी गप्प राहिलो. बापू उठला, माझ्याजवळून गेला, कडेला जाऊन बसला. सामना झाला. आपण हरलो. पालखीच्या पुढच्या दांडीला पलीकडचे लागले.

जाताना एसटीत तो खिडकीशी बसला होता. मी म्हटलं, "बापू, मी बोलायला हवं होतं." तो म्हणाला, "गाडी कऱ्हाडला किती वेळ थांबती रं?" मी सांगितलं.

कारखान्यात काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण त्यात नवल काही नाही. संघातून नाव काढलं. साहेब म्हणाले, तू गावचा गडी, गावाकडून खेळ. स्टोअरमधलं काम गेलं, कायम व्हायचं राहिलं. तो आता बदली कामगार आहे. सकाळी दारावर उभं राहायचं, कोणी गैरहजर असेल तर आत, नसेल तर परत. आत घेतलं तर भट्टीवर. पूर्वी त्याला दारावरचा शिपाई सलाम करायचा. तोच आता म्हणतो, "आज नाही भाऊ." बापू "बरं" म्हणतो आणि परत येतो.

मला वाटलं होतं तो चिडेल. मी वाट बघत होतो. मग वाटलं मला तरी राग येईल, त्यावर माझी पत्रकं चालतात. तोही आला नाही. हे पत्रक लिहायला मला अकरा महिने लागले आणि लिहितानाही हात थंडच आहे. हिवाळ्यात पहाटे नळाखाली हात धरला की बोटं आहेत पण कळत नाहीत, तसं. आक्कांनी एक दिवस मला विचारलं, "ह्यो तुजा भाऊ पळाय जात न्हाई आता?" मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, "बाया इचारत्यात. सकाळची येळ कळत न्हाई म्हंत्यात."

तो खेळत नाही असंही नाही. परवा त्याला शिफ्ट मिळाली नव्हती; मी परत आलो, तर तो खोलीमागच्या मोकळ्या जागेत एकटाच होता. पायानं मातीत एक रेघ ओढली होती. रेघेपाशी जायचा, दम भरायचा, तोंड उघडायचा आणि थांबायचा. पुन्हा मागं यायचा. तीनदा बघितलं मी. हुतूतू म्हणायचं की कबड्डी, हे त्याला ठरवता येत नव्हतं. मग त्यानं चपलेनं रेघ पुसली आणि पाणी भरायला गेला.

तो सव्वीस वर्षांचा आहे. चढाई करणाऱ्याचे गुडघे तिसावं सरेपर्यंत टिकत नाहीत, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. म्हणजे त्याच्याजवळ चैत्र किती उरले ते बोटांवर येईल. त्यातला एक आपण खाल्ला.

मी अन्याय करणारे मोजले. कारखान्यानं केला, तो परका, त्याचं भांडण आम्ही इथं दारावर भांडू. गावानं केला. आणि मी केला. मी पत्रकात लिहिलं होतं की घाम गळतो ते आपलं गाव. ते खोटं आहे. घाम गळतो तिथून माणसाला भोंगा वाजायच्या आत हाकलता येतं. जन्मतो ते आपलं गाव, असं तुम्ही म्हणाल. तेही आता माझ्यानं म्हणवत नाही, माळावर बघितलं ते बघितल्यावर. घर म्हणजे काय याबद्दल माझ्याजवळ एकच गोष्ट उरली आहे: जिथं आपल्याला खेळायला घेतात ते घर. बापूला सध्या कोणी घेत नाही, म्हणून सध्या त्याला घर नाही. आक्कांची खोली आहे, तात्यांची ओसरी आहे. घर नाही.

तेव्हा गावकरी हो, आणि गाव सोडून पुण्या-मुंबईत, पिंपरीत आलेल्यांनो, तुम्हीसुद्धा. यात तुमचाही प्रश्न आहे. आज बापूला उठवला, उद्या तुम्ही सुट्टीला घरी याल तेव्हा तुमच्या हातातही कुणीतरी असा एखादा कागद देईल.

मी इथं छापून सांगतो, गेल्या वर्षीचं ते पत्रक मी लिहिलं, बापूला न विचारता लिहिलं आणि ते चुकीचं होतं. नानांनी हेही मास्तरांकडून मोठ्यानं वाचून घ्यावं. तात्या, तुम्ही खळ लावली त्यात तुमची चूक नव्हती. तुम्ही मुलावर भरवसा टाकला आणि माझ्या अक्षरावर टाकला, चूक अक्षराची होती.

या पत्रकाची मागची बाजू मी मुद्दाम कोरी ठेवली आहे. छापखानेवाला म्हणाला, जाहिरात घे, पैसे सुटतील. मी घेतली नाही. तिथं आपलं नाव लिहा. सही येत नसेल तर अंगठा उठवा. नावाच्या वर एक ओळ लिहा, बापू आमच्या गावचा गडी आहे. यंदा जत्रेच्या पहिल्या दिवशी हा कागद चावडीत तात्यांच्या हातात नेऊन द्या, आणि दुसऱ्या दिवशी चार वाजता, रेघा आखून झाल्या की, माळाच्या कडेला उभे राहा. या वेळी कोणी ऊठ म्हणालं तर गप्प बसू नका.